वाचनकक्षाच्या खुर्च्या, नोंद तिसरी: कॅमेरा मुद्दाम धूसर

वाचनकक्षातली कुठली जागा मोकळी आहे हे कॅमेऱ्याने ओळखायचा हा खटाटोप. मागच्या नोंदीत गाडी बॅकग्राउंड सबट्रॅक्शनपाशी होती, म्हणजे स्थिर पार्श्वभूमी वजा करून उरेल ते टिपायचं. तो प्रकार आता बंद. ओपनसीव्ही या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअर-संचातली एमओजी२ ही पद्धत हलणाऱ्या गोष्टी टिपते आणि मूळ सेटिंगमध्ये मागच्या ५०० फ्रेमवरून (व्हिडिओतल्या एकेका चित्रावरून) पार्श्वभूमी शिकत राहते. आमच्या विद्यापीठाच्या वाचनकक्षात सगळ्यात जास्त हलते ती छताच्या पंख्याची सावली. खरा अभ्यासू मान वर करत नाही, त्यामुळे थोड्या वेळाने तो टेबलाचाच भाग ठरतो. म्हणजे जितकं मन लावून वाचाल, तितकी तुमची खुर्ची रिकामी!

मग फोटोतली माणसं-वस्तू ओळखणारं तयार मॉडेल, म्हणजे डिटेक्टर, लावला: योलोव्ही८ नॅनो. रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर तो आरामात चालतो, कारण आपल्याला व्हिडिओ नकोच आहे; अर्ध्या मिनिटाला एक फोटो पुष्कळ झाला. समोरच्या रांगांत माणसं नीट सापडतात, मागच्या रांगांत पार्टिशनआड नुसते केस दिसतात. पण खरी पंचाईत माणसांची नाही, सामानाची आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली मंडळी वाचनालयात वेगळी कशाला वागतील? हा डिटेक्टर ज्या कोको डेटासेटवर (शिक्के मारलेल्या फोटोंच्या संग्रहावर) शिकलाय, त्याच्या ८० वर्गांत बॅग आहे, पुस्तक आहे, बाटली आहे, अगदी जिराफही आहे. रुमाल नाही, जेवणाचा डबा नाही, खुर्चीच्या पाठीला अडकवलेला स्वेटर नाही.

म्हणून प्रश्नच उलटा केला. काय ठेवलंय ते ओळखायचं नाही, जागा मोकळी असते तशी दिसतेय का एवढंच पाहायचं. पार्किंगवाल्यांनी हे आधीच करून ठेवलंय. ब्राझीलच्या पीकेलॉट डेटासेटमध्ये १२,४१७ फोटोंतून कापलेले ६,९५,८९९ पार्किंग जागांचे तुकडे आहेत, प्रत्येकावर भरलेली की रिकामी एवढाच शिक्का. कॅमेरा स्थिर, जागा स्थिर. आमच्या खुर्च्या मात्र दिवसभर ओढल्या जातात, म्हणून फोटोतून तुकडे कापायचे चौकोन खुर्चीभोवती न आखता तिच्या समोरच्या टेबलाभोवती आखले आणि वर डोकं-खांद्यांपुरती जागा सोडली. हे तुकडे मोबाइलनेटव्ही३ स्मॉल या चित्रांची वर्गवारी करणाऱ्या छोट्या मॉडेलला शिकवले. शिक्के तीन: बसलेली, धरलेली, मोकळी. लागोपाठ तीन फोटोंत तोच निकाल आला तरच स्थिती बदलते, नाहीतर खाली पडलेलं पेन उचलायला वाकलेला माणूसही उठून गेला असं धरलं जातं.

आता या खेपेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. ग्रंथपाल मॅडमची अट स्पष्ट होती: चेहरा ओळखू येईल असा फोटो तयारच व्हायला नको. 'आम्ही फोटो साठवत नाही' यावर त्यांचा विश्वास नाही, आणि तसा तो नसावाच. सॉफ्टवेअरने नंतर धूसर करणं म्हणजे आधी स्पष्ट फोटो घेणं आलंच. पण रास्पबेरी पायच्या कॅमेरा मॉड्यूल ३ चा फोकस हाताने बांधून ठेवता येतो. लेन्सपोझिशन या फोकसच्या सेटिंगचा आकडा डायॉप्टरमध्ये, म्हणजे १ भागिले मीटरमधलं अंतर असा, असतो: १० म्हणजे १० सेंटिमीटरवर फोकस, ५ म्हणजे २० वर. साध्या लेन्सचं छिद्र सुमारे २.६ मिलिमीटरचं. २० सेंटिमीटरवर फोकस बांधला, तर ४ मीटरवरचा प्रत्येक बिंदू साधारण ५ सेंटिमीटरच्या डागाएवढा पसरतो. चेहऱ्याचा नुसता गोळा उरतो, बॅग मात्र बॅगच दिसते. आकडा १० केला तर डाग दुप्पट होतो आणि पाण्याची बाटलीही गायब, म्हणून ५ वर थांबले. रुंद कोनाच्या लेन्सचं छिद्र लहान, ती एवढं धूसर करत नाही. एकाच कॅमेऱ्यात जास्त टेबलं येतील म्हणून ती घ्यायचा मोह टाळा. शिकवण्याचे फोटोही अर्थातच याच फोकसवर काढलेत, आणि धूसर तुकड्यांवरही मॉडेल कुरकुर करत नाही. ट्यूबलाइटचे पट्टे घालवायला एक्स्पोजर १/१०० सेकंदाच्या पटीत ठेवलंय.

रास्पबेरी पायमधून बाहेर जातो तो फक्त जागेचा क्रमांक आणि तिची स्थिती, एमक्यूटीटी या उपकरणांनी एकमेकांना छोटे निरोप धाडायच्या पद्धतीने. दाराजवळच्या स्क्रीनवर तर तेही नाही, रांगेनुसार मोकळ्या जागांची संख्या तेवढी दिसते. 'धरलेली' जागा तिथे मुद्दाम दाखवत नाही. दाखवली तर पहिल्याच दिवशी कुणीतरी दुसऱ्याची बॅग उचलून जमिनीवर ठेवणार आणि भांडण माझ्या यंत्राच्या नावाने होणार. चहाला गेलेला आणि सकाळी बॅग टाकून थेट लेक्चरला गेलेला यांत फरक करता येतो, नुसता टायमर लागतो. पण किती मिनिटं माफ, हे मी कोडमध्ये लिहिणार नाही. तो आकडा ग्रंथालयाने ठरवावा.

सध्या त्रास देतायत पश्चिमेच्या खिडक्या. संध्याकाळी ऊन थेट लेन्सवर येतं, खिडकीकडची रांग काळी पडते आणि तिथली मोकळी टेबलंही 'धरलेली' लागतात. कॅमेऱ्याचा एचडीआर मोड (लख्ख आणि काळे दोन्ही भाग सांभाळून घेणारा) लावून बघणार आहे. त्याने नाही भागलं तर कॅमेरा समोरच्या खांबावर हलवायचा आणि सगळे चौकोन पुन्हा आखायचे.