‘पगार’ नावाचं बटण

आमच्या फ्रीजवर सध्या एक पाठकोरा कागद लावलाय, त्यावर पट्टीने आखलेले आठ चौकोन. एक चौकोन म्हणजे एक रात्र. आठ रात्रींत स्पेन बघायचंय, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही सगळं ट्रेनने, कारण आमचे हे रेल्वेतून रिटायर झालेत आणि त्यांचं म्हणणं असं की देश बघायचा तर रुळांवरून बघायचा, विमानातून नुसते ढग दिसतात आणि बसमधून गाईडचं डोकं. शेजारच्या काकूंनी दोनदा सांगून पाहिलं की अगं टूरबरोबर जा, रोज संध्याकाळी वरणभात मिळतो, पण यांनी ऐकलं नाही. दीड महिना झाला, चौकोन भरतायत आणि परत खोडले जातायत, खोडरबराचा आता हरभऱ्याएवढा तुकडा उरलाय.

खरं तर सुरुवात स्पेनपासून झालीच नाही, रुळांपासून झाली. एका रात्री जेवताना हे म्हणाले, अगं तुला माहितीये का, स्पेनचा जुना गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६६८ मिलीमीटर आहे आणि आपला १६७६. मी म्हटलं बरं मग? तर म्हणे आठ मिलीमीटरचा फरक! जवळजवळ सगळा युरोप १४३५ वर धावतो आणि ही माणसं आपल्यासारखी रुंद रुळांवर बसलीत, म्हणजे आपलीच की गं. आता ज्या माणसाने ३४ वर्षं रेल्वेत काढली त्याला आठ मिलीमीटरमध्ये नातं दिसणारच. पुढे कळलं की त्यांची पहिली गाडी बार्सिलोना ते मातारो १८४८ मध्ये सुटली, म्हणजे बोरीबंदर-ठाण्याच्या पाच वर्षं आधी, तेव्हा मात्र जरा वेळ गप्प बसले. मग स्वतःच आठवण काढली की २०१६ मध्ये स्पेनच्या टॅल्गो कंपनीचे डबे दिल्ली-मुंबई ट्रायलला आले होते, ते आपल्या इंजिनाने ओढले आणि बारा तासांच्या आत मुंबईला आणले, त्या रात्री हे मध्यरात्र उलटेपर्यंत फोनवर कुणाकुणाला ‘कुठे पोचली’ विचारत बसले होते. मला ते चांगलं आठवतंय कारण दुसऱ्या दिवशी गॅसवाला येऊन बेल वाजवून गेला तरी हे झोपलेलेच.

तर तिकडे आता दोन प्रकारचे रूळ आहेत, जुने रुंद आणि फास्ट गाड्यांसाठी नवे, ते मात्र युरोपच्या मापाचे. आणि काही गाड्या दोन्हींवर चालतात, म्हणजे मधे एका शेडमधून हळूहळू जातात आणि जाता जाता चाकं आत किंवा बाहेर सरकतात, माणसं डब्यात बसलेलीच. यांना ते बघायचंय. मी म्हटलं अहो, डब्यात बसून चाकं कशी दिसणार? तर म्हणे दिसणार नाहीत पण कळेल. मग मी पुढे काही बोलले नाही.

नकाशा उघडून बसलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली की सगळे रूळ माद्रिदमधून निघतात, मधे खिळा ठोकून चारी दिशांना सुतळ्या ताणाव्यात तसे. या फास्ट गाड्यांना आवे म्हणतात, स्पॅनिशमधल्या लांबलचक नावातली आद्याक्षरं आहेत ती, पण आवे म्हणजे पक्षीही. पहिली आवे १९९२ मध्ये माद्रिद ते सेविया धावली, ४७१ किलोमीटर, आता साधारण अडीच तासांत होतात. आता आपल्याकडे सीएसएमटी ते सोलापूर ४५५ किलोमीटर, वंदे भारतला साडेसहा तास लागतात, आणि माझं माहेर सोलापूरचं, म्हणजे हा हिशोब डोक्यातून जाईचना. सकाळी डोंबिवलीहून निघून आईकडे दुपारच्या जेवणाला पोचून चहा पिऊन संध्याकाळी घरी, असं काहीतरी मी उगाच करत बसले.

पण या वेगाचा एक तोटा आहे, सगळंच जवळ वाटायला लागतं. तोलेदो? माद्रिदपासून जेमतेम अर्धा तास, घ्या. कोर्दोबा? सेवियाच्या वाटेवरच आहे, पावणेदोन तास, घ्या. बार्सिलोना? ६२१ किलोमीटर, अडीच-तीन तास, घ्या की. असं करत कागदावर आठ रात्रींत नऊ गावं झाली. एक गाव तर हे म्हणाले येता-येता करू, म्हणजे कुठून येता-येता ते मी विचारलं नाही, भांडण झालं असतं.

सगळ्यात जास्त वेळा खोडलेलं नाव ग्रानादा. तिथला अल्हाम्ब्रा, म्हणजे मुसलमान राजांचा जुना किल्ला नि महाल, बघायचा म्हणून मी हट्ट धरून बसले होते. पण त्याचं तिकिट म्हणजे नाव, पासपोर्ट नंबर, आणि आतल्या नासरी महालात शिरायची वेळसुद्धा ठरलेली, ती वेळ चुकली की महाल चुकला. सेवियाहून ग्रानादा ट्रेनने अडीच-तीन तास, तिथून परत बार्सिलोनाला जायचं, म्हणजे एका महालासाठी दोन रात्री जाणार आणि त्या दोन रात्री माद्रिदमधून काढाव्या लागणार. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं, कागद तिथे आता इतका पातळ झालाय की पलीकडचा छापील मजकूर दिसतो, बहुतेक सोसायटीच्या पाणीपट्टीची नोटीस आहे ती. शेवटी मीच काढलं. हे काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी चहा त्यांनी केला.

त्याच्या बदल्यात मी कोर्दोबाची एक अख्खी रात्र मागून घेतली. सगळे लोक सांगतात कोर्दोबा दोन गाड्यांच्या मधे चार तासांत होतं, बॅगा कुठेतरी टाका, मशीद बघा, पुढच्या गाडीने निघा. होत असेलही. पण ती इमारत ७८५ साली बांधायला घेतली, पुढे दोनशे वर्षं वाढवत नेली, आत लाल-पांढऱ्या कमानींचं रानच आहे, आणि सोळाव्या शतकात त्या रानाच्या बरोब्बर मधे ख्रिश्चनांनी अख्खं चर्च उभं केलं. असल्या ठिकाणाहून घड्याळ बघत बाहेर पडायचं म्हणजे लग्नाला जाऊन नुसतं पाकीट देऊन येण्यासारखं. मला तिथे संध्याकाळी सगळे चार तासवाले निघून गेले की नुसतं भिंतीच्या कडेने फिरायचंय.

तारखांचा घोळ वेगळाच. एक मे ला पोचायचं ठरवलं, म्हटलं महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे, रजा एक वाचते. मग कळलं की एक मे तिकडेही सुट्टी, आणि प्रादो म्युझियम वर्षातून जे मोजके दिवस बंद असतं त्यातला एक हाच. दोन मे ला परत माद्रिदची स्वतःची सुट्टी, १८०८ मध्ये नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले त्याची. पिकासोचं गेर्निका हे चित्र ज्या रेना सोफिया म्युझियममध्ये आहे ते मंगळवारी बंद. एवढं सगळं त्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहिल्यावर ते पंचांगासारखं दिसायला लागलं, फक्त राहुकाळ लिहायचा राहिलाय.

आणि जेवणं. तिकडे दुपारचं जेवण दोन नंतर आणि रात्रीचं नऊ नंतर. याचं एक कारण म्हणे घड्याळ, देश नकाशावर इंग्लंडच्या खाली आहे पण १९४० पासून घड्याळ बर्लिनचं लावलंय, त्यामुळे मे महिन्यात माद्रिदला रात्रीचे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. आमच्याकडे साडेसातला ताट लागतं. पावणेआठ झाले की हे स्वयंपाकघरात येऊन उगाच डबे उघडून बघतात. नऊपर्यंत या माणसाला धरून कसं ठेवायचं हा माझ्या प्लॅनिंगमधला सगळ्यात अवघड चौकोन आहे.

मग आली तिकिटं काढायची वेळ. आपल्याकडे ६० दिवस आधी सकाळी आठला बुकिंग उघडतं, माणूस आदल्या रात्री पासवर्ड पाठ करून झोपतो. तिकडे असा ठरलेला दिवस नाही, गाड्या टप्प्याटप्प्याने विक्रीला येतात, आणि एकाच रुळावर आता तीन कंपन्यांच्या गाड्या पळतात, त्यामुळे लवकर घेतलं तर स्वस्त. वेटिंग लिस्ट, आरएसी भानगडच नाही, सीट आहे नाहीतर नाही. यांना हे फार रुक्ष वाटलं. म्हणे मग चार्ट कधी लागतो?

मी एका साइटवर फॉर्म भरायला घेतला. भाषा बदलायचं बटण दाबलं तरी अर्धा फॉर्म स्पॅनिशच राहिला. नाव, ठीक. मग पहिलं आडनाव. मग दुसरं आडनाव. मी थांबलेच. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांचं, एक आईचं, आणि लग्न झालं तरी बायका ती बदलत नाहीत. आपल्याकडे नाव, मग बाईचं असेल तर नवऱ्याचं नाव, मग त्याचं आडनाव. त्या दुसऱ्या रकान्यात नवऱ्याचं नाव बसेना, ते काही आडनाव नाही. मग मी काय केलं, कुणी बघत नव्हतं, तिथे माझं माहेरचं आडनाव टाकलं. एकतीस वर्षांनी स्वतःच्या हाताने टाइप केलं असेन. स्क्रीनवर बघितलं जरा वेळ. एकदम सोलापूरच्या शाळेच्या हजेरीतल्यासारखं दिसलं. आणि मग धसका बसला की पासपोर्टवर हे नाहीच, गेटवर अडवलं तर? पटापट खोडलं, रकाना रिकामा सोडला, फॉर्मने काही तक्रार केली नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, ठेवायचंस की, तिकडच्या टीसीला त्यात काही वावगं वाटलं नसतं.

पुढे डबा नंबर. तिथे लिहिलेलं कोचे, आणि सीटला प्लासा. हे खूष, म्हणे बघ, कोचला कोचेच म्हणतात. बटाट्याला पताता, पावाला पान. आणि सगळ्यात खाली हिरवं बटण, त्यावर लिहिलेलं ‘पगार’. खरंच. पगार म्हणजे तिकडे पैसे भरणे. आपला पगार पोर्तुगीजांकडून आलाय, तोच शब्द, पण आपल्याकडे येता येता त्याने बाजू बदलली, तिकडे जातो तो इकडे येतो. मी बँकेत तीस वर्षं नोकरी करतेय, एक तारखेला पगार या शब्दाची वाट बघत, आणि आता तोच शब्द दाबून माझेच पैसे जाणार. दाबलं. गोल फिरलं, फिरलं, आणि कार्ड नाकारलं. परत दाबलं, परत नाकारलं. तिसऱ्या वेळी यांचं कार्ड दिलं, ते गेलं. पेन्शनवर तेवढा विश्वास असावा.

तर माद्रिद ते कोर्दोबा आमच्याकडे आहे आता. कोचे चार. निघायच्या अर्धा तास आधी अतोचा स्टेशनवर जायचं, कारण बॅगा स्कॅन होतात. २००४ मध्ये तिथल्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले होते, हे वाचल्यावर आम्ही दोघंही जरा गप्प झालो, २००६ ची अकरा जुलै आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. आणि गाडी सुटायच्या दोनेक मिनिटं आधी गेट बंद, म्हणजे जिना उतरता उतरता गाडी पकडायची आमची डोंबिवलीची विद्या तिथे काही कामाची नाही.

बाकी व्हिसा व्हायचाय, त्याची फाइल वेगळी, तीस हजार युरोचा इन्शुरन्स, बँक स्टेटमेंटं, तीही माझ्याच बँकेची, त्यावर शिक्का माझ्याच शेजारच्या टेबलवरून घ्यायचा. बार्सिलोनाचं अजून ठरतंय. गाउदी नावाच्या वास्तुकाराच्या साग्रादा फामिलियाची तिकिटं घ्यायचीत, १८८२ पासून बांधतायत ते चर्च. गाउदी १९२६ मध्ये ट्रामखाली सापडून गेला असं मी वाचून दाखवलं तर यांचा पहिला प्रश्न, मोटरमनचं काय झालं पुढे?

काल रात्री प्रवासातल्या खाण्याचं निघालं. तिकडे कशातही हॅम निघतं, पालेभाजीत सुद्धा, त्यामुळे सेविया ते बार्सिलोना साडेपाच तासांच्या गाडीसाठी मी दशम्या न्यायच्या म्हणत होते, सोबत शेंगाची चटणी, सोलापूरची. हे कस्टम्सचे नियम वाचत बसलेले. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत.

“अगं, दशमी तू दुधात भिजवतेस ना?”

“हो.”

“मग ती दुधाचा पदार्थ झाली की नाही?”

मी म्हटलं पाण्यात भिजवते या वेळी. तर चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, “मग ती दशमी कसली, ती पोळी.”