आधी कागद, मग खुलासा

मॉर्मन मंडळीत रविवारचा वर्ग घेणारा माणूस पगारी नसतो आणि बहुतेक वेळा इतिहासाचा अभ्यासकही नसतो. बिशप एक दिवस बाजूला घेऊन विचारतो, ‘संडे स्कूल घ्याल का?’ आणि परवापर्यंत मागच्या रांगेत बसणारा दंतवैद्य किंवा प्लंबर पुढच्या आठवड्यात फळ्यापाशी उभा असतो. (बिशप म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, तोही बिनपगारीच. दिवसा त्यालाही नोकरी असते.) चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या बायका किती, सोन्याच्या पत्र्यांवरचा ‘बुक ऑफ मॉर्मन’ त्याने टोपीतल्या दगडात पाहून सांगितला हे खरं का, कृष्णवर्णीयांना याजकपद का नाकारलं, हे प्रश्न युटामधल्या वॉर्डांत (स्थानिक मंडळ्यांत) अशा माणसापुढे येतात. विद्यापीठातला प्राध्यापक त्या खोलीत क्वचितच असतो.

पूर्वी अशा शिक्षकाला ‘साहित्यच मिळत नाही’ म्हणता येत असे. आता ते खरं नाही. चर्चने स्वतःच २०१३ ते २०१५ या काळात अवघड विषयांवरचे लेख आपल्या संकेतस्थळावर टाकले. ऑगस्ट २०१५ मध्ये त्या दगडाचा फोटो छापला. २०१८ पासून ‘सेंट्स’ हा सलग इतिहास चार खंडांत आला आणि जोसेफ स्मिथच्या कागदपत्रांचा छापील प्रकल्प २०२३ मध्ये पूर्ण झाला. म्हणून पहिला नियम सोपा आहे: वर्गात फक्त चर्चने प्रकाशित केलेलं साहित्य न्यायचं. हा भित्रेपणा नाही, हिशेब आहे. वर्गातली एखादी बाई घरी जाऊन खातरजमा करणारच. तिला तीच ओळ चर्चच्या अ‍ॅपवर सापडली तर ती त्या ओळीचा विचार करेल. विरोधकांच्या पानावर सापडली तर विचार त्या पानाचा होईल, आणि दोन दिवसांत बिशपचा फोन वाजेल.

दुसरा हिशेब वेळेचा. जानेवारी २०१९ मध्ये तीन तासांची रविवारसभा दोन तासांवर आली. तेव्हाच्या वेळापत्रकात या वर्गाला पन्नास मिनिटं मिळाली, तीही महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी. प्रभुभोजनाची सभा संपल्यावर लोक कॉरिडॉरमध्ये बोलत उभे राहतात, कुणी मुलांना त्यांच्या वर्गात सोडायला जातं. शेवटी प्रार्थना असते. हातात पडतात अडतीस-चाळीस मिनिटं. एवढ्यात अवघड गोष्ट एकच बसते. दोन घेतल्या की दुसरी अर्धवट राहते, आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पार्किंगमध्ये पूर्ण केली जाते, तुमच्या मागे.

पहिलं दर्शन हा सुरुवातीला घ्यायचा सगळ्यात चांगला विषय. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. त्यातल्या ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ या धर्मग्रंथाच्या वर्षात जानेवारीतच तो येतो, म्हणजे ओढूनताणून काढावा लागत नाही. १८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यात घराजवळच्या रानात प्रार्थना करताना चौदा वर्षांच्या जोसेफला देवदर्शन झालं, हे प्रत्येक मॉर्मन मुलाला पाठ असतं. त्याने ते चार वेळा वेगवेगळं सांगितलं, हे पुष्कळांना माहीत नसतं. १८३२ चं कथन काही अंशी त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे. १८३५ चं एका पाहुण्याशी झालेलं बोलणं रोजनिशीत उतरवलेलं आहे. १८३८ मध्ये सुरू केलेल्या इतिहासातलं कथन आज धर्मग्रंथात आहे. १८४२ चं शिकागोच्या एका संपादकासाठी लिहिलेलं.

कागद आडवा धरून चार कॉलम आखायचे आणि प्रत्येकात मूळ मजकुराच्या आठ ते बाराच ओळी घ्यायच्या. सारांश लिहायचा नाही. सारांशात शिक्षकाचं मत शिरतं आणि वर्गाला त्याचा वास लगेच येतो. वर फक्त साल आणि कुणाच्या हातचं लेखन, एवढंच. ओळींचे क्रमांक टाकावेत, नाहीतर ‘कुठे आहे, कुठे आहे’ यात पाच मिनिटं जातात. आणि कागद हाच क्रम ठेवून वाचायचा: आधी पाठ असलेलं १८३८ चं, मग १८३२ चं. उलट केलं तर वर्ग पहिल्या मिनिटापासून बचावाला उभा राहतो.

१८३२ च्या हस्तलिखितात बघण्यासारखी एक जागा आहे. प्रकाशाच्या खांबाचं वर्णन लिहिताना आधी ‘आगीचा’ असा शब्द पडलाय, तो खोडून ‘प्रकाशाचा’ केलाय. जवळच ओळीच्या वर ‘वयाच्या सोळाव्या वर्षी’ ही भर आहे आणि ती लेखनिक फ्रेडरिक विल्यम्सच्या अक्षरात आहे. सोळावं लागलेलं म्हणजे पंधरा पूर्ण. पाठ असलेल्या कथनात तो पंधराव्यात, म्हणजे चौदा पूर्ण. या स्कॅनचा फोटो पडद्यावर मोठा करून दाखवावा आणि एक मिनिट गप्प बसावं. खोडलेला शब्द पाहिला की लिहिणारा माणूस दिसतो, आणि नंतरची चर्चा ‘खरं की खोटं’ एवढ्यावर अडकत नाही.

फरक वर्गाला शोधू द्यावेत. ते सापडतातच: १८३२ मध्ये काळजी स्वतःच्या पापांची आहे, १८३८ मध्ये कोणतं चर्च खरं याची. १८३२ मध्ये ‘प्रभूला पाहिलं’ एवढंच आहे, पुढच्या कथनांत दोन व्यक्ती येतात. १८३५ मध्ये शिवाय अनेक देवदूत. कुणीतरी म्हणेलच, माणूस प्रसंग पाहून बोलतो. कुणी म्हणेल, गोष्ट वाढत गेली. दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहावीत. आपण घाईने निकाल देऊ नये. सगळ्यात जुनं कथनसुद्धा प्रसंगानंतर बारा वर्षांनी लिहिलेलं आहे, एवढी आठवण मात्र द्यावी. बखर आणि समकालीन पत्र यांतला भेद मराठी वाचकाला नवा नाही. इथे चारही कागद आठवणीच आहेत, आणि हे सांगायला पदवी लागत नाही.

बिघडतं ते बहुधा मजकुरामुळे नाही. ‘हे तर आम्हाला आधीपासून माहीत होतं,’ हे वाक्य सगळ्यात जास्त घर मोडतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं भिंतीवरच्या चित्रात जोसेफला सोन्याच्या पत्र्यांवर बोट ठेवून वाचताना पाहिलं, त्याच्यासमोर ‘टोपीत दगड ठेवून वाचायचा, त्यात काय’ म्हटलं की त्याचा राग दगडावर नसतो, लपवाछपवीवर असतो. म्हणून चित्र आणि दगडाचा फोटो शेजारी शेजारी दाखवावेत आणि स्पष्ट म्हणावं: चित्र काढणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं किंवा त्याने ते काढलं नाही. मग एमाचं १८७९ मधलं सांगणं वाचावं. ती जोसेफची बायको आणि स्वतः काही काळ लेखनिक होती. टोपीत तोंड घालून तो तासन्‌तास मजकूर सांगत असे, असं ती म्हणते. एक खोच लक्षात ठेवावी. ‘उरीम आणि थुम्मीम’ हे नाव लोक पुढे पत्र्यांसोबत मिळालेल्या साधनालाही वापरू लागले आणि दगडालाही, त्यामुळे जुन्या आठवणींत नक्की कोणतं साधन अभिप्रेत आहे ते दरवेळी कळत नाही.

दुसरा बिघाड म्हणजे डोळे पुसत दिलेली साक्ष. चर्चा अवघड झाली की कुणीतरी उभं राहून ‘मला ठाऊक आहे, हे चर्च खरं आहे’ म्हणतं आणि खोली बंद होते. साक्ष त्या लोकांसाठी पवित्र आहे, ती तोडायची नाही. आभार मानावेत, दोन श्वास थांबावं आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे नावाने वळावं: ‘तुमचा मुद्दा राहिला होता.’ नाहीतर तो माणूस पुन्हा विचारत नाही, आणि बरेचदा पुन्हा येतही नाही.

याजकपदाच्या विषयात सगळा खेळ क्रमाचा आहे. १९७८ पासून, म्हणजे बंदी उठली तिथून, सुरुवात केली की वर्ग समजतो, बंदी पहिल्यापासूनच होती. सुरुवात १८३६ पासून करावी. त्या वर्षी इलायजा एबल या कृष्णवर्णीय माणसाला याजकपद दिलं गेलं. बंदी जोसेफनंतरचा प्रमुख ब्रिगम यंग याने १८५२ मध्ये जाहीर केली, जोसेफ मारला गेल्यावर आठ वर्षांनी. ही माहिती शोधायला कुठे जायला नको. धर्मग्रंथाच्या २०१३ च्या आवृत्तीत दुसऱ्या अधिकृत घोषणेची (बंदी उठवणारी ती हीच) प्रस्तावना प्रत्येकाच्या हातातल्याच पुस्तकात आहे, आणि बंदी का सुरू झाली याचा स्पष्ट उलगडा नोंदींतून होत नाही, असं तीच म्हणते. ‘देवाच्या मनात तेव्हा तसं होतं’ अशी कारणं कुणी पुढे केली, तर चर्चच्या २०१३ च्या लेखातला परिच्छेद वाचून दाखवावा. जुने सिद्धान्त चर्चने तिथे नाकारले आहेत. इथे शिक्षकाने तटस्थ राहू नये, असं माझं मत आहे. शेजारच्या खुर्चीवर एखादं कृष्णवर्णीय कुटुंब बसलेलं असू शकतं.

बहुपत्नीत्वाला मी तरी पहिल्या वर्षी हात लावला नसता. चर्चच्या लेखात जोसेफच्या बायकांचा अंदाज तीस ते चाळीस असा आहे, पण तो आकडा तळटीपेत आहे, आणि तळटिपेत असणं हेच काही जणांना जास्त लागतं. पंधरावा वाढदिवस व्हायला काही महिने बाकी असलेल्या हेलन मार किंबॉल या बायकोचा उल्लेख मात्र लेखाच्या मुख्य मजकुरात आहे. हा लेख वर्गात पहिल्यांदा वाचून घेऊ नये. आठवडाभर आधी दुवा पाठवावा, म्हणजे ज्याला रविवारी यायचं नाही त्याला न येण्याची सोय राहते. आपल्याकडचा धागा जुळतो तोही याच विषयाशी. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा मिशनरी मुंबईत उतरला, पुढे पुण्यात इंग्रज शिपायांत प्रचार करू लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत बहुपत्नीत्व उघडपणे जाहीर झालं. इतक्या दूरवरच्या प्रचारकाला त्या बातमीची उत्तरं देत बसणं सोपं गेलं नसणार.

उत्तर येत नसेल तर ‘शोधून आणतो’ म्हणावं, पण दिनदर्शिका पाहून. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सर्वसाधारण परिषद असते, त्या दिवशी वर्ग नसतो. पहिल्या-तिसऱ्या रविवारच्या वेळापत्रकात मार्चच्या तिसऱ्या रविवारी दिलेलं वचन एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी फळतं, म्हणजे चार, कधी पाच आठवडे. तोवर माणूस स्वतः शोधायला लागतो, आणि कुठे पोहोचेल ते सांगता येत नाही. म्हणून प्रश्न लिहून घ्यायचा, बुधवारपर्यंत दोन ओळींचा निरोप आणि लेखाचा दुवा पाठवायचा, आणि पुढच्या वर्गाची पहिली दोन मिनिटं त्याच प्रश्नाला द्यायची, विचारणारा त्या दिवशी आलेला नसला तरी.