मेणवलीची घंटा आणि न चालणारी लिंक

वाईजवळच्या मेणवलीचा घाट मी एआय चित्र-जनरेटरकडून (वर्णन वाचून चित्र काढणारं साधन) शाईच्या रेखाटनात काढून घेतोय. मागच्या नोंदीनंतर तो बऱ्यापैकी उतरला. त्याचा चंद्रकोरीसारखा बाकही जमला. अडलं ते घंटेपाशी. शब्दांत कितीही समजावा, जनरेटर आपला पूजेतली गरुडघंटी मोठी करून टांगतो. मेणवलीची घंटा पोर्तुगीज. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यानंतर ती इकडे आली असं सांगतात. अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल. एवढं प्रॉम्प्टमध्ये (जनरेटरला द्यायच्या वर्णनात) लिहूनही पुन्हा गरुडघंटीच येते म्हटल्यावर मी स्वतः काढलेला फोटो संदर्भ म्हणून द्यायचा ठरवला. क्लाउडवर होताच. शेअर करून लिंक प्रॉम्प्टमध्ये चिकटवली. उत्तर आलं, 'प्रतिमा उघडता आली नाही.'

मला तर फोटो समोर दिसत होता! दोनदा चिकटवली, तिसऱ्यांदा वैतागून. शेवटी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, तुम्हाला दिसतो कारण तुम्ही लॉगिन आहात. इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या लॉगिन नसलेल्या खिडकीत, उघडून बघा." उघडली, तर लॉगिनची पाटी. परवानगी 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी बदलली, तरी तीच चूक. कारण ती लिंक फोटोची नव्हतीच, फोटो दाखवणाऱ्या पानाची होती. मध्ये फोटो, वर बटणं, कोपऱ्यात नाव, असं सगळं पान. जनरेटरच्या सर्व्हरला पान नको असतं, नुसते चित्राचे बाइट हवे असतात. भाच्याने टर्मिनलवर (टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत) कर्ल नावाची आज्ञा चालवून हेडर, म्हणजे सर्व्हर उत्तराआधी पाठवतो ती माहिती, दाखवले. कंटेंट-टाइपसमोर 'टेक्स्ट/एचटीएमएल', म्हणजे वेबपान, असं लिहिलेलं. तिथे 'इमेज/जेपेग' पाहिजे. ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांनी इनकॉग्निटोच वापरावा: रिकाम्या पार्श्वभूमीवर नुसता फोटो आला, एकही बटण नाही, तर लिंक बहुतेक बरोबर.

मग शॉर्टकट मारला. फोटो एका चॅट अ‍ॅपवर टाकला, तिथली लिंक उचलली आणि ती चालली. रात्री चार रेखाटनं झाली, खूष होऊन झोपलो. रविवारी संध्याकाळी तोच प्रॉम्प्ट, तीच लिंक, आणि पुन्हा चूक. अशा लिंकच्या शेपटीला प्रश्नचिन्हानंतर जी अक्षरांची माळ असते, तिच्यात मुदत आणि सही दडलेली असते. मुदत संपली की दार बंद. शेपूट कापून पाहिली, तर सहीच गेली, म्हणजे तेही नाही. जुने प्रॉम्प्ट वहीत जपून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात असू द्या. प्रॉम्प्ट राहतो, लिंक मरते.

आता फोटो स्वतःच्या छोट्या साइटवर ठेवलेत. तिथेही एक गंमत झाली. मी हौसेनं फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं, 'घंटा १'. ब्राउझरमध्ये ठीक उघडते. पण लिंकमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन खुणांत लिहिला जातो. नुसत्या 'घंटा'चे घ, अनुस्वार, ट, काना मिळून छत्तीस! तेही चाललं असतं. पण मी लिंक हातानं टाइप केली होती, मधल्या मोकळ्या जागेसकट, आणि जनरेटरनं लिंक तिथेच संपली असं धरून पुढचा '१' वर्णनात ढकलला. नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जोडरेघ, असं केलं आणि प्रश्न मिटला.

एक फोटो तरीही अडला. आयफोनवरचा होता, एचईआयसी या वेगळ्या प्रकारच्या फाइलमधला. मी फाइलच्या नावाचा नुसता शेवट बदलून जेपीजी केला होता. नावानं आतला माल बदलत नाही. नीट जेपीजी म्हणून एक्स्पोर्ट करावा लागला.

काल रात्री अकराला घंटा अखेर आली. आकार बरोबर, घुमटीची कमान बरोबर, शाईची रेघही मला हवी तशी. फक्त मेरीच्या अंगावर नऊवारी आहे आणि सालाच्या जागी १७७०. संदर्भाचं वजन (जनरेटरनं फोटोला किती धरून राहायचं ते) वाढवून आज पुन्हा बसतोय.