कशात कमी केलंत, असं तुम्ही विचारलंत म्हणून

आमचं साडेसात लाखांचं कर्ज गेल्या वर्षी निल झालं हे कळल्यापासून जो भेटेल तो मला एकच विचारतो. ऑफिसातल्या मुली विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, माहेरच्या गल्लीतल्या बायका तर फोन करून विचारतात, एवढ्या मिळकतीत फेडलंत कसं, कशात कमी केलंत? आणि मी तोंड उघडायच्या आधीच त्यांची यादी सुरू होते. दूध कमी केलं असणार, बाहेरचं खाणं बंद, पोरांचे क्लास बंद, कामवाली बंद. बरेच दिवस मी "हो, थोडं थोडं सगळ्यातच" म्हणून विषय मिटवायचे. आता मिटवावासा वाटत नाही, कारण हे ऐकून घरी जाऊन कुणी खरंच पोरांचं दूध कमी करेल आणि कर्ज आहे तिथंच राहील.

२०१९ चा पूर, मग लॉकडाऊन, मग २०२१ ला परत पाणी, आणि मारुती रोडच्या बाजूचं आमचं मॅचिंग सेंटर, हे सांगलीच्या माणसाला सांगायला नको. आकडे मात्र सांगते. पतसंस्थेचे चार लाख, १४ टक्क्यानं. सोनेतारण एक लाख ऐंशी हजार, ११ टक्क्यानं. क्रेडिट कार्डाचे साठ हजार, महिन्याला साडेतीन टक्के आणि त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी. आणि खासगीचा एक लाख, पाच टक्क्यानं. आपल्याकडं खासगीवाला पाच टक्के म्हणतो ते महिन्याचे असतात, वर्षाचे साठ होतात. म्हणजे पतसंस्थेच्या चार लाखाला महिन्याला साधारण ४,७०० व्याज आणि ह्या एका लाखाला ५,०००. सगळं मिळून तेरा-चौदा हजार नुसतं व्याज, मुद्दलाला हात न लागता. माझा मिरजेच्या हॉस्पिटलमधला बिलिंगचा पगार तेव्हा १९ हजार होता, दुकानाचा काही भरवसाच नव्हता.

आता त्यापुढं स्वयंपाकघर ठेवून बघा. शाळू गावाकडून आणला, तांदूळ एकदम भरला, वर्षाची चटणी विकत न घेता उन्हाळ्यात घरीच केली, माळवं संध्याकाळी बाजार उठताना घेतलं, मिरजेला स्कूटीऐवजी बसनं गेले, टीव्हीचं पॅक काढलं, ह्यांच्या मोबाईलवरून चहा-पानाचं वीस-तीस रुपयांचं स्कॅनिंग बंद करून हातात मोजके रोख द्यायला लागले. हे सगळं केलं, आणि त्यातून महिन्याला दोन-अडीच हजार सुटले, त्याच्या वर एक रुपया नाही. चौदा हजाराच्या व्याजाला अडीच हजार. पोरांचं दूध, आत्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि मुलीचा गणिताचा क्लास ह्याला मी हात लावला नाही आणि लावूही दिला नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. कुणी म्हणतं की बाईनं मनावर घेतलं की संसार तरतो, तेव्हा मला राग येतो, कारण त्याचा अर्थ एवढाच असतो की बाईनं सगळ्यात शेवटी जेवायचं आणि उरेल ते खायचं. ते मी माझ्या आईचं बघितलंय. त्यानं कुणाचं कर्ज फिटलेलं बघितलं नाही.

मग पैसा जात कुठं होता ते मला आहेराच्या वहीत सापडलं. ही वही सगळ्यांच्या घरी असते, कुणी आपल्याला काय दिलं आणि आपण कुणाला काय दिलं. २०२१ च्या दिवाळीत मी ती घेऊन बसले आणि पुढंमागं सगळं धरून बेरीज केली. लग्नं, वास्तुशांती, बारशी, जावळं, डोहाळजेवणं, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोपी, गावच्या जत्रेचं मटण, आलेल्या पाहुण्यांच्या ओट्या. पुरानं दुकान धुऊन नेल्यानंतरच्या वर्षातही सत्तर हजारांच्या आसपास. महिन्याला जवळजवळ सहा हजार. आणि हा खर्च आम्ही कुठल्याच हिशोबात धरत नव्हतो, कारण तो खर्च वाटतच नव्हता, ते कर्तव्य होतं. खासगीचे लाख रुपये काढले ते आत्यांच्या ऑपरेशनला, हे खरंच आहे, पण त्यातलेच पंधरा हजार एका लग्नाच्या आहेराला गेले हेही त्याच वहीत आहे.

तर उत्तर हे आहे. आम्ही घरातलं कमी केलं नाही, लोकांच्या समोरचं कमी केलं. ऐकायला सोपं वाटतं, आणि इथंच तुम्ही "अगं पण एवढं काय त्यात, सांगायचं स्पष्ट" असं म्हणता. म्हणून २०२२ च्या मे महिन्यातलं सांगते.

वन्संच्या थोरल्या मुलीचं लग्न, तासगावला कार्यालयात. आमचे हे एकुलते एक मामा. मामानं भाचीला तोळ्याची चेन घालायची हे कुणी ठरवलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. तोळा तेव्हा पन्नास हजारांच्या पुढंमागं होता. आणि नेमकं त्याच्या आधी चार महिने आम्ही सोनेतारणातलं माझं पाच तोळे सोडवून मोडलं होतं, तारण फिटून हातात चाळीसेक हजार आले होते, त्यात माझ्या भिशीचे घातले आणि खासगीवाल्याचं मुद्दल एकरकमी देऊन टाकलं. महिन्याचे साडेसहा हजार व्याजाचे वाचायला लागले होते, ते सगळे कार्डावर जात होते. पहिल्यांदा काहीतरी कमी होताना दिसत होतं. आणि हे रात्री म्हणाले, पतसंस्थेतनं परत पन्नास उचलू, एकच भाची आहे का, तर नाही, पण पहिली आहे, आक्काला तोंड काय दाखवू.

त्या रात्री मी जे बोलले ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं आणि ते सगळं इथं लिहिणार नाही. एवढंच की मी म्हणलं, उचला, पण मग पुढचे हप्ते तुम्ही आणि आक्का मिळून भरा. ते उठून गॅलरीत गेले. आत्या आतल्या खोलीत जाग्या होत्या.

आम्ही लपवालपवी केली नाही. लग्नाच्या तीन आठवडे आधी दोघं तासगावला गेलो आणि वन्संना, दाजींना समोर बसून सांगितलं, सोनं होणार नाही, मामाची पिवळी साडी, जोडवी, पैंजण आणि पाच भांडी एवढं करू. वन्सं काही बोलल्या नाहीत. दाजी म्हणाले, "बघा, तुमची मर्जी." चहा झाला, आम्ही निघालो. परत येताना मला वाटलं, झालं, अवघड ते झालं. सांगितलं की माणसं समजून घेतात.

लग्नात आहेर माईकवर पुकारत होते. चुलत्यांकडून अंगठी, नवरीच्या आत्याकडून मणी-डोरलं, टाळ्या. मग मामांचं नाव आलं आणि माईकवाल्यानं कागद बघितला, परत बघितला आणि म्हणाला, मामांकडून साडी, भांडी आणि जोडवी-पैंजण. टाळ्या वाजल्याच की, लोकांनी काही वाईट केलं नाही. पण तेवढ्यात आमच्या आत्या, ज्यांना गुडघ्यामुळं पायरी चढता येत नाही, त्या एका बाईच्या हाताला धरून स्टेजवर गेल्या, सगळ्यांसमोर स्वतःच्या कानातल्या मोत्याच्या कुड्या काढल्या आणि नातीच्या तळहातावर ठेवल्या. सासऱ्यांनी घेतलेल्या होत्या. माईकवाल्यानं तेही पुकारलं, आजीकडून सोन्याच्या कुड्या. सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या. वन्सं रडायला लागल्या, नात रडायला लागली, फोटोवाला पुढं सरकला. आमचे हे माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. पंगतीला बसले नाहीत. मी बसले, कारण दोघंही उठून गेलो असतो तर त्याचीही चर्चा झाली असती, आणि पानावरचं काहीतरी गिळलं.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी होत्या. कान मोकळे. मी म्हणलं, आत्या, आधी सांगायचं तरी. त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही केलं, माझं मी केलं." एवढंच. त्याच्यात राग होता की नाही ते मला आजही कळलेलं नाही. भोकं बुजू नयेत म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून कानात कडुलिंबाच्या काड्या घातल्या आणि माझ्यासमोरून दिवसभर तशाच फिरत होत्या. मी शनिवारी बाजारातनं खोट्या कुड्या आणल्या, त्या त्यांनी देवघराच्या खणात ठेवल्या.

वन्सं त्या वर्षी भाऊबीजेला आल्या नाहीत. राखी पोस्टानं आली. जत्रेला आम्ही गेलो तर सगळे नीट बोलले, वाढलं, खाल्लं, पण कुणी "राहा" म्हणलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, पन्नास हजारासाठी एवढं? मीही स्वतःला हे म्हणते. मग मी परत आकडा मांडते. ते पन्नास हजार परत १४ टक्क्यानं उचलले असते तर नुसतं व्याज वर्षाला सात हजार, आणि कार्ड तसंच राहिलं असतं, त्याला वर्षाला चाळीस टक्क्याच्या वर लागतात. आणि पन्नासावर थांबलं असतं का? पुढं धाकटीचं लग्न, जावळ, दिवाळसण. मी खात्रीनं सांगते थांबलं नसतं, वहीच तसं सांगते. कार्ड २०२३ मध्ये संपलं. त्यानंतर जे सुटेल ते पतसंस्थेत मुद्दलात भरत गेलो, आणि प्रत्येक वेळी पावतीवर "मुद्दल" लिहून घेतलं, कारण नाहीतर तिथला क्लार्क पुढचे हप्ते म्हणून जमा करतो आणि व्याज आहे तेवढंच राहतं. हे मात्र जरूर करा, कुणी सांगत नाही.

सोनं मोडलं त्यावरूनही ऐकवतात. आता तोळा लाखाच्या वर गेलाय, थांबली असतीस तर. हे मला लागतं, खोटं कशाला बोलू, ती माझ्या आईनं घातलेली पाटली होती. पण सोन्याला दुप्पट व्हायला तीन-चार वर्षं लागली आणि खासगीच्या पाच टक्क्यानं मुद्दलाएवढं व्याज वीस महिन्यांत जातं. मी सोनं धरून बसले असते तर सावकार मला धरून बसला असता. सावकारीला परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडं तक्रार करता येते, हे मला माहीत होतं. केली नाही, कारण ऑपरेशनच्या आदल्या रात्री दार उघडून पैसे देणारा तो एकटाच होता. ह्यावर तुम्हाला काय म्हणायचं असेल ते म्हणा.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर तेव्हा मी लिहून ठेवलं होतं, "दोन-तीन वर्षं कळ काढू, फिटलं की सगळ्यांचं सगळं करू." २०२१ ची ती मी फार ठाम होती. तिला वाटत होतं नाती थांबतात, बँकेसारखी, मागची बाकी भरली की खातं परत चालू. आज ती समोर आली तर मी तिला सांगेन की तसं होत नाही. आणि ती मला विचारेल, मग काय करायचं होतं, चेन घालायची होती का? तर नाही. तिथं मी तिच्याच बाजूची आहे. चेन घातली असती तर वन्सं आल्या असत्या, बसल्या असत्या, आणि आम्ही त्यांच्यासमोर हसत बसून मनात हप्ता मोजला असता. ते मला चाललं नसतं. ह्यांना चाललं असतं. ह्यावर आमचं अजून एकमत नाही आणि कर्ज फिटलं म्हणून ते होईल असं दिसत नाही.

पतसंस्थेचा दाखला मिळाला त्या दिवशी हे पहिल्यांदा म्हणाले, आईला कुड्या करू. सराफाकडं जाऊन भाव काढला. आत्या म्हणाल्या, मला नकोत, ह्या वयात कुठं घालू. परत विचारलं तर तेच.

आणि आता वन्संच्या धाकटीचं जमतंय. मुलगा इस्लामपूरचा, म्हणजे आताच्या ईश्वरपूरचा, बोलणी चालू आहेत. ह्यांचं म्हणणं आहे की आता अंगावर कर्ज नाही, पूर्ण तोळा घालू आणि मागचंही भरून निघेल. माझं म्हणणं आहे की थोरलीला न घातलेलं धाकटीला घातलं तर थोरली काय समजायची, आणि दोघींना घालायचं तर दोन तोळ्यांचे पैसे जातील, तेवढे आपल्याकडं नाहीत, परत पतसंस्था. वन्संनी अजून काही मागितलेलं नाही. पण गेल्या रविवारी वन्संचा फोन आला होता, चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या मोबाईलवर, बैठकीला तुम्ही दोघं या म्हणाल्या. आम्ही जाणार आहोत. काय द्यायचं ते जायच्या आधी दोघांत ठरवून मगच जायचं, एवढं मी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.