सांगायची गरज काय?

“पण हे जगाला सांगायची काय गरज होती त्याला?” सिनेमा अर्ध्यात आला असेल, तेवढ्यात मामा म्हणाले.

‘इलेव्हन मेन आउट’ बघत होतो. 2005 चा आइसलँडचा सिनेमा, हसवत हसवत पुढे जाणारा. स्टार फुटबॉलर मुलाखतीत सांगून टाकतो की तो गे आहे, आणि कालपर्यंतचा लाडका एकदम नकोसा होतो.

मामांचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. मॅचमध्ये कॅमेरा खेळाडूच्या बायकोवर जातो, बाळंतपणासाठी कुणी मालिका सोडून घरी जातो, तेव्हा मामाच किती कौतुकानं बघतात! तेही सांगणंच आहे की. तिथं गरज कुणी विचारत नाही.

इंग्लंडच्या फुटबॉलर जस्टिन फॅशनूनं आपण गे आहोत हे 1990 मध्ये सांगितलं. फार सोसलं त्यानं. 1998 मध्ये आयुष्य संपवलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये खेळत असतानाच हे उघडपणे सांगणारा पुढचा व्यावसायिक पुरुष फुटबॉलर थेट 2022 मध्ये आला. ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय अवघं 17.

मधल्या 32 वर्षांत, एवढ्या क्लबांच्या एवढ्या ड्रेसिंग रूममध्ये किती पोरं गप्प बसून बूट बांधत राहिली असतील?