पाटीवरचा आकडा

तंबाखू नियंत्रणाच्या कामात दिवसाचे दोन भाग असतात आणि त्यांची सहसा एकमेकांशी गाठ पडत नाही. सकाळी जिल्हा रुग्णालयात दंत विभागाला लागून असलेल्या खोलीत मी समुपदेशन करते. दुपारी, गाडी आणि पोलीस हे दोन्ही एकाच दिवशी मिळाले तर, पथकाबरोबर शाळा-महाविद्यालयांच्या परिसरात तपासणीला जाते. सकाळी समोर खाणारा बसलेला असतो आणि दुपारी विकणारा उभा असतो. पूर्व विदर्भातल्या आमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका दिवशी मात्र एकाच मुलामुळे हे दोन्ही भाग एकमेकांवर येऊन आदळले. तंबाखू विकत घेण्याचे किमान वय अठरावरून एकवीस करावे की नाही, या प्रश्नावर आमच्या कक्षात एरवी चहा संपेपर्यंतच चर्चा होते. त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मुलगा दहावीतला, वय सोळा. पाणीपुरी तोंडात जात नाही, अशी त्याची तक्रार होती आणि तिखट खाल्ले की गाल आतून जळतात, असे त्याच्या वडिलांनी जोडले. आमच्या दंतशल्यचिकित्सकांनी त्याला तोंड उघडायला सांगून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधले अंतर कॅलिपरने मोजले. ते चोवीस मिलिमीटर भरले. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या मुलाची दोन बोटेसुद्धा जेमतेम गेली. गालाची आतली त्वचा पांढुरकी पडली होती आणि तिच्यावरून बोट फिरवले की ताणलेले उभे पट्टे हाताला लागत होते. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्याचे मुख्य कारण सुपारी, आणि सोबत तंबाखू असली की पुढे कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. एकदा आखडलेले तोंड पूर्ववत होत नाही. आहे तेवढे टिकवणे आणि व्यायामाने थोडे वाढवणे एवढेच हातात राहते. त्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एकेक काडी वाढवत जायचे. डॉक्टरांनी हे करून दाखवले तेव्हा मुलाला हसू आले, पण हसण्याइतकेही तोंड त्याला नीट उघडता आले नाही.

मुलगा खर्रा खात होता. बाहेरच्या वाचकांना खर्रा म्हणजे काय हे सांगावे लागेल. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र करून ते पन्नीत घालून घासघासून घोटायचे, म्हणजे खर्रा तयार होतो. त्याला कंपनी नाही, छापील किंमत नाही आणि सिगारेटच्या पाकिटावर असतो तसा कर्करोगाचा फोटोही नाही. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, पण धूम्रपान करणारे एकूण प्रौढांत अवघे ३.८ टक्के आहेत. आमच्या राज्याची तंबाखू फुप्फुसापेक्षा गालात अधिक आहे, आणि तरीही शाळांमधल्या भित्तिचित्रांत अजून धुराची सिगारेटच रंगवली जाते. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. त्या पाठोपाठच्या आदेशांनी सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी आणि खर्रा-मावा यांवरही सर्वांसाठी बंदी आली. त्या सकाळी मुलाच्या वडिलांच्या शर्टाच्या खिशात घोटलेल्या खर्र्याची पन्नी होती. ती त्यांनी लपवली नाही, आणि लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतही नव्हते.

मुलांशी बोलताना आई-वडिलांना बाहेर बसवायचे, हा माझा नियम आहे. सकाळी उठल्यापासून किती वेळात पहिली पुडी लागते, रात्री तोंडात ठेवून झोपतोस का, पैसे कुठून येतात, असे ठरलेले प्रश्न असतात. आमच्या अर्जात ‘तंबाखू कोठून मिळते’ या प्रश्नापुढे दुकान, घर आणि मित्र असे तीन पर्याय आहेत. मुलगा आधी गप्प बसला, मग म्हणाला, “दादा देते.” दादा म्हणजे सख्खा मोठा भाऊ. तो त्याच शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला होता आणि जूनमध्ये त्याला अठरा पूर्ण झाली होती. दादा साध्या तंबाखूची पुडी आणि कच्ची सुपारी वेगवेगळी विकत आणतो आणि घरी स्वतः घोटतो, कारण तयार खर्रा विकणे त्या टपरीवाल्याने बंद केले आहे. मी ‘घर’ या पर्यायावर खूण केली. अर्ज भरला गेला, पण त्यातून काहीच कळत नव्हते.

योगायोग असा की दुपारची तपासणी त्याच शाळेच्या परिसरात आधीच ठरलेली होती.

तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या केंद्रीय कायद्याचे सहावे कलम दोन गोष्टी सांगते: अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ते कोणालाच विकायचे नाहीत. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. हे अंतर मोजताना जेवढी भांडणे होतात तेवढी दंडाच्या पावतीवरही होत नाहीत. टपरीवाले रस्त्याने मोजतात, वळणासकट. मुख्याध्यापक आपल्या खोलीच्या दारापासून मोजू पाहतात. आणि मागे एका ठिकाणी तर पिवळी रेषा मारणाऱ्या पेंटरने पावले मोजून काम उरकले होते. कायद्यातल्या स्पष्टीकरणानुसार मोजणी संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सुरू होते आणि त्रिज्येने, म्हणजे सरळ रेषेत, करायची असते. मध्ये घर आले, नाली आली किंवा कोणाचा गोठा आला, तरी रेषा सरळच राहते. त्यामुळे टेपचे एक टोक कुंपणाच्या खांबाला धरून मी उभी राहते, दुसरे टोक घेऊन हवालदार लोकांच्या परसातून जातात, आणि सगळा मोहल्ला बाहेर येऊन बघतो. पथकातले बाकीचे सदस्य या वेळी सावलीत असतात आणि फोटो काढायची वेळ झाली की न बोलावता पुढे येतात.

त्या दिवशी रेषेच्या आत तीन विक्रेते सापडले. त्यांना नेहमीप्रमाणे दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडाच्या पावत्या दिल्या आणि माल उचलायला लावला. तो पुन्हा येणार, हे त्यांनाही माहीत होते आणि आम्हालाही. मुलाने सांगितलेली टपरी मात्र रेषेच्या बाहेर निघाली. मी दोनदा मोजायला लावले. दोन्ही वेळा टेप टपरीच्या बऱ्याच अलीकडे संपला. एवढेच नव्हे, तर दर्शनी भागात नियमाप्रमाणे साठ बाय तीस सेंटिमीटरची पाटी होती: अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय गुन्हा आहे. जिल्हाभर ही पाटी मला एक तर दिसतच नाही किंवा शॅम्पूच्या पुड्यांच्या माळांमागे दिसते. इथे ती पुसलेली, वाचता येईल अशी होती. पुड्या मुलांच्या हाताला लागतील अशा लटकवलेल्या नव्हत्या. त्या मागच्या फळीवर होत्या. खर्रा घोटण्याचे सामानही कुठे नव्हते.

मी बारावीच्या मुलाचा विषय काढला तेव्हा टपरीवाले काका मुळीच गडबडले नाहीत. “मी लहान पोराईले देतच नाही जी. आधार पायल्याशिवाय पुडी सुटत नाही इथून. मागं एकडाव दंड भरला, तवापासून.” त्या मुलाचे नाव त्यांना ठाऊक होते. जूनपर्यंत त्यांनी त्याला प्रत्येक वेळी परत पाठवले होते आणि अठरा पूर्ण झाल्यावर तो आधार कार्ड घेऊन आला तेव्हा जन्मतारीख वाचून मगच पुडी दिली होती. घेणारा अठराच्या आतला नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नियमांनी विक्रेत्यावर टाकली आहे. आमच्या जिल्ह्यात ती मनावर घेतलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडात जाणारी तंबाखू त्याच्याच फळीवरून येत होती.

शाळेत थोरल्या भावाला बोलावले. तो उद्धट नव्हता. “मले अठरा पूर्ण झाले, म्याडम. मी घेऊ शकतो. त्याले मी कधी टपरीवर जाऊ नाही दिलं,” असे तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात आपण धाकट्याला सांभाळल्याचाच भाव होता. अठरा होण्याआधी तो स्वतः कोणाकडून घेत होता, असे विचारल्यावर त्याने आदल्या वर्षी बारावी झालेल्या एका मुलाचे नाव सांगितले. त्या मुलाला कोण देत होते, हे मी विचारले नाही. उत्तर कोणत्या वर्गात सापडेल हे स्पष्ट होते.

कारवाई कोणावर करायची, हा पुढचा प्रश्न होता. टपरीवाल्याने कायद्याचे अक्षर अन् अक्षर पाळले होते. हवालदारांना बाल न्याय कायद्याचे ७७ वे कलम तोंडपाठ होते: बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. म्हणजे एखाद्या दुकानदाराने शाळेच्या दारात चौथीच्या मुलाला पुडी विकली तर आम्ही त्याला दोनशे रुपयांची पावती फाडून देतो, आणि घरात धाकट्याला वाटा देणाऱ्या बारावीच्या मुलासाठी सात वर्षांचे कलम तयार असते. कलम तसे दुकानदारालाही लागू होते, पण पावती पुस्तक हाताशी असताना गुन्हा दाखल करण्याची दगदग कोण घेणार? मुख्याध्यापकांची चिंता निराळीच होती. फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक आहे, तो राहील ना, हे त्यांनी मला दोनदा विचारले. मुलाचे तोंड किती उघडते हे एकदाही विचारले नाही. हवालदारांनी शेवटी भावाला समज देऊन प्रकरण माझ्याकडे सोपवले, आणि हे मात्र त्यांनी शहाणपणाने केले असे माझे मत आहे.

अठराच्या मर्यादेतली खरी अडचण मला त्या दिवशी त्या आवारात दिसली. आमच्याकडच्या कितीतरी शाळा पाचवीपासून बारावीपर्यंत एकाच आवारात भरतात. बारावीत मुलाला अठरा पूर्ण होतात, म्हणजे कायद्याने तंबाखू घेऊ शकणारा ग्राहक दरवर्षी त्या आवाराच्या आतच तयार होतो, त्याच फाटकातून आत-बाहेर करतो आणि पाचवीतल्या पोरांबरोबर त्याच नळावर पाणी पितो. बाहेर कितीही काटेकोरपणे मोजून पिवळी रेषा आखली तरी तिचा उपयोग काय? वय एकवीस असते तर असा ग्राहक शाळेत औषधालाही सापडला नसता. एकविसाव्या वर्षी मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला तरी असतो, गिरणीत कामाला तरी लागलेला असतो किंवा पुण्याला गेलेला असतो. दहावीच्या मुलाशी त्याचा रोजचा संबंध उरत नाही.

केंद्राने २०२० च्या अखेरीस कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढला होता आणि त्यात एकवीसच सुचवले होते. तो मसुदाच राहिला. कर्नाटकाने मात्र आपल्यापुरती दुरुस्ती केली आणि २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून ती लागू झाली. त्यामुळे तंबाखूच्या व्यापारावर वाढलेल्या निपाणीत आज एकवीसची अट आहे आणि हमरस्त्याने थोडे वर आलेल्या कागलमध्ये अठराची. महाराष्ट्राला वयाची मोठी मर्यादा नवी आहे असेही नाही. बिअरला एकवीस आणि दारूला पंचवीस वर्षे आपण कधीपासून मानतो, निदान कागदावर. ई-सिगारेटबाबत तर वयाचा हिशेबच नाही. २०१९ च्या कायद्याने ती सरसकट बंद आहे.

आमच्या दंतशल्यचिकित्सकांना हे काही पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की बारवाल्याला परवाना जाण्याची भीती असते, टपरीवाल्याकडे जायला परवानाच नाही. आधी विक्रीसाठी परवाना आणा, मग वयाचे बोला. परवाना हवा, हे मलाही मान्य आहे, आणि दोनशे रुपयांच्या दंडाला आज कोणी भीत नाही, हेही मान्य आहे. परंतु अठरा पाळले जात नाहीत तर एकवीस कोण पाळणार, हा त्यांचा मुद्दा मी आता तसाच सोडून देऊ शकत नाही, कारण पाळणारा माणूस मी पाहिला आहे. त्याने पाटीवर जो आकडा होता तो पाळला. पाटीवर एकवीस असते तर त्या मुलाला त्याने आणखी तीन वर्षे परत पाठवले असते आणि तोवर धाकटा शाळेतून बाहेर पडला असता. यावर डॉक्टर म्हणतात की मग थोरला दुसऱ्या टपरीवर गेला असता. गेलाही असता.

त्या टपरीच्या नावापुढे पावती का नाही, अशी विचारणा कार्यालयाकडून झाली. महिन्याच्या अहवालात तपासलेली दुकाने आणि फाडलेल्या पावत्या यांचे आकडे जुळावे लागतात. उल्लंघन आढळले नाही, असे मी लेखी कळवले, आणि त्याच पत्रात अर्जातल्या ‘कोठून मिळते’ या प्रश्नाखाली ‘देणाऱ्याचे वय’ असा रकाना वाढवावा अशी सूचना केली. छापील अर्ज संपल्यावर बघू, असे तोंडी उत्तर मिळाले आहे. तोवर मी ते वय समासात पेनने लिहिते, आणि तिथे अठरा, एकोणीस, वीस हेच आकडे पुन्हा पुन्हा येतात. मुलगा व्यायामाला येतो आहे. त्याच्यासोबत थोरलाही येतो. काड्या मोजण्याचे काम त्याने स्वतःहून घेतले आहे, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडाचे मोजमाप पुढच्या खेपेला घ्यायचे ठरले आहे.