टीएमबी लॉग, भाग ७: गुडघ्याची जाहीर माफी

मंडळी, स्वित्झर्लंडातल्या शाँपेहून लिहितेय. (नव्यांसाठी: टीएमबी म्हणजे टूर द्यु मों ब्लां, मों ब्लांला फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंडमधून वळसा घालणारी चालायची वाट.) वर डॉर्ममध्ये माझ्या बंकवर पाय पसरून बसलेय, खाली बूटरूममध्ये माझ्या उजव्या पोलचे (चालायच्या काठीचे) तीन तुकडे हीटरच्या पाइपवर वाळत पडलेत, आणि हसावं की रडावं तेच कळत नाहीये. गेलं अख्खं वर्ष हा लॉग म्हणजे माझ्या डाव्या गुडघ्याचं रडगाणं झालेलं, हे तुम्ही जाणताच. तर बहुतेक आपण सगळ्यांनी मिळून चुकीच्या पेशंटवर उपचार केलेत.

गेल्या जुलैचं फार उगाळत नाही. फ्रान्समधल्या लेझूशहून निघाले, चौथ्या दिवशी मेझाँ व्हिएवरून इटलीतल्या कुर्मायरला उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी खुपसल्यासारखी कळ, शेवटचा तासभर उलटी चालत उतरले आणि दुसऱ्या दिवशी बस. चार दिवस तंगडतोड करून जिथे पोचले होते तिथून मों ब्लांच्या पोटातल्या ११.६ किमीच्या बोगद्याने मला पाऊण तासात परत शामोनीला आणून टाकलं. १९६५ साली ज्यांनी तो खुला केला त्या इंजिनियर लोकांना मी त्या बसमध्ये बसून मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मी पण इंजिनियरच आहे, तरी घातल्या.

मग वर्षभर काय काय केलं ते भाग ४ ते ६ मध्ये आहेच. आयटी बँडचं (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या पट्ट्याचं) निदान, फिजिओ, एका पायावर उभं राहून दुसरा पाय हळूऽऽहळू खाली टेकवायचा तो भयंकर कंटाळवाणा व्यायाम, आणि स्टुटगार्टचे श्टेफेले. ह्या शहरात द्राक्षमळ्यांच्या काळापासूनचे चारशेच्या वर जिने आहेत आणि त्यातले बरेचसे मी ह्या हिवाळ्यात उतरलेय, चढून नाही, उतरून. वर जायला ट्राम, खाली यायला पाय. शेजारच्या आजींना मी वेडी वाटते. शिवाय १४० युरोचे इनसोल. ते घेऊ नका, एवढंच सांगते.

आणि डिसेंबरात पुण्याला आले होते तेव्हा सिंहगड. दोन पोल घेऊन आतकरवाडीच्या वाटेने उतरतेय, तर ताकवाल्या मावशींनी विचारलं, "काठ्या दोन कशाला गं, पाय अधू आहे का?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता डोक्यावर पाटी नि पायात स्लीपर अशा त्या माझ्या पुढून निघूनही गेल्या. तेव्हा हसले होते. आता वाटतंय मावशींना पोलबद्दल जे कळलं ते मला कळायला अजून सात महिने लागायचे होते.

असो. यंदा उरलेला अर्धा, कुर्मायर ते लेझूश, सात दिवस, आठ जणांचा ग्रुप आणि एक गाईड. "टीएमबीला गाईड कशाला, वाट तर हमरस्त्यासारखी मळलेली आहे" असं भाग ५ खाली ज्यांनी ज्यांनी लिहिलं होतं त्यांनी पुढचं नीट वाचा. इथे उन्हाळ्यात नेहमीच्या वाटेवर हिमनदी लागत नाही, त्यामुळे दोर-कुऱ्हाडवाला गाईड लागत नाही हे बरोबर. आमची बाई चालण्याच्या वाटांवरची परवानाधारक गाईड आहे, ह्याच भागातली, पन्नाशीची, आणि ती ग्रुपच्या पुढे कमी आणि मागे जास्त चालते. शामोनीत गाईड लोकांची कंपनी १८२१ पासून चालू आहे, दोनशे वर्षं हा धंदा उगाच टिकत नाही.

पहिला दिवस भारी गेला. कुर्मायर १२२६ मीटर, बेर्तोने हट १९८९, म्हणजे सकाळी सकाळी साडेसातशेच्या वरची खडी चढण, त्यात श्टेफेलेची पुण्याई बरोब्बर कामाला आली, दम लागला पण मांड्यांनी कुरकुर केली नाही. मग बोनाटी हटपर्यंत सगळी आडवी वाट आणि डाव्या हाताला अख्खा वेळ ग्राँद झोरास, ४२०८ मीटर, ढग नाहीत. आमची सामानाची गाडी बोनाटीपर्यंत जात नाही म्हणून एका रात्रीचं पाठीवर, मला तेच आवडतं. जेवायला पोलेंता. ही म्हणजे मक्याची उकडच हो, फक्त फोडणी विसरलेली. मी लसणाची चटणी काढली तर शेजारच्या डच काकांनी दोनदा मागून घेतली, आता चटणी त्रियाँपर्यंत (चौथ्या दिवसाचा मुक्काम) पुरत नाही.

दुसरा दिवस, ग्रँड कोल फेरे ही खिंड. २५३७. वर इटली संपून स्वित्झर्लंड सुरू होतं, गंमत म्हणजे दोन्हीकडच्या दरीचं नाव फेरेच. वारा असा की फोटोसाठी टोपी काढली ती परत घालायला दोन हात लागले. तिथे उताराच्या आधी मी शिस्तीत पोल लांब केले, दोन्ही १२५ वर, कारण उतरताना पाच-दहा सेंटी जास्त हवेत हे आपलं ठरलेलंच आहे. खाली ला फूली १६००, म्हणजे सलग ९३७ मीटरचा ड्रॉप. ह्याच्यासाठीच वर्षभर जिने उतरले होते.

पहिली अर्धी वाट मस्त. छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, वजन मागे टाकायचं नाही, सगळं फिजिओने सांगितल्यासारखं. घसारा (सुटी खडी) पण फार नाही, मातीची नागमोडी वाट आहे. आणि वाटेतल्या ला प्यूलच्या थोडं वर, टुक. डावा गुडघा. बाहेरची बाजू. तीच जागा, तीच कळ, जुनी ओळख सांगत आली.

खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. दुखण्यापेक्षा वैतागाने. एक वर्ष!

मी काही बोलले नाही, तरी मागून गाईडने हाक मारली, थांब म्हणाली. म्हटलं गुडघा. ती म्हणे गुडघा नंतर बघू, तू मघापासून उजवीकडे झुकून का चालतेयस? मी म्हटलं मी कुठे झुकतेय. तिने माझे दोन्ही पोल घेतले, शेजारी शेजारी उभे धरले आणि माझ्याकडे बघत बसली.

उजवा आखूड होता. बोटभर नाही, चांगला दिसण्याइतका आखूड. मापाच्या रेघा वाचल्या तर डावा १२५, उजवा ११८. सात सेंटीमीटर! वरून निघताना मी स्वतः लावलेले होते, साडेचारशे मीटरच्या उतारात तो पठ्ठ्या मिलीमीटर मिलीमीटरने आत सरकत गेला आणि मला पत्ता नाही. आता जरा विचार करा, चालताना उजवा पोल कोणत्या पावलाबरोबर पुढे टेकतो? डाव्या. म्हणजे डावं पाऊल खाली पडताना ज्या काठीने थोडा भार घ्यायचा तीच जमिनीला उशिरा पोचतेय, आणि प्रत्येक पायरीला तो धक्का जातोय डाव्या गुडघ्यात. हजारो वेळा. कळ नाही आली तर काय होणार.

आणि हे मला गेल्या वर्षी का कळलं नाही? कारण रोज संध्याकाळी हटमध्ये शिरताना बूटरूमच्या बादलीत ठेवायला आपण पोल मिटवतो. पुरावा रोज माझ्याच हाताने नष्ट. सकाळी परत १२५.

गाईडने तिचा स्वतःचा उजवा पोल मला दिला, माझा घेऊन ती स्वतः नुसती हातात नाचवत उतरली. ला प्यूल ते ला फूली, उरलेला पावणेपाचशेचा उतार, गुडघा गप्प. पहिली शंभर पावलं मी श्वास रोखून टाकली असतील, मग विसरूनच गेले आणि एकदम लक्षात आलं की आपण गायींकडे बघत चाललोय. त्या एरां जातीच्या काळ्याभोर गायी, इथल्या वाले प्रांतात ह्यांच्या झुंजी लावतात आणि जिंकणारीला राणी म्हणतात. एक अगदी वाटेत आडवी उभी होती, मान एवढी जाड, गळ्यात घंटा, मी मुकाट बाजूने गेले.

आता मुख्य लाजिरवाणा भाग. का सरकतोय हा पोल?

संध्याकाळी ला फूलीत गाईडने तो उघडला. आपले ट्विस्ट लॉकवाले, आत खालच्या नळीच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा एक्सपांडर असतो, पिळला की तो फुगतो आणि बाहेरच्या नळीला आतून आवळून धरतो, म्हणजे सगळा खेळ नुसत्या घर्षणाचा. तिने त्या प्लॅस्टिकवर बोट फिरवलं, बोटं एकमेकांवर चोळली, वास घेतला आणि विचारलं, "तेल?"

लोकहो, भाग २ आठवतोय का? गेल्या वर्षी निघायच्या आधी "पोलची देखभाल" म्हणून मी मोठ्या ऐटीत फोटोसकट लिहिलं होतं की जॉइंट कुरकुरत होते म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले आणि काय लोण्यासारखे फिरतायत! आईच्या मशीनला लहानपणापासून तेल घातलंय ना, हात शिवशिवतात. लोण्यासारखे फिरणारच. लोण्यासारखे घसरणार पण. आणि तुमच्यापैकी निदान तिघांनी खाली "करून पाहिलं, मस्त" लिहिलं होतं. त्या तिघांनी आत्ताच्या आत्ता पोल उघडा, आणि गुडघे कसे आहेत ते कळवा. भाग २ मधला तो परिच्छेद मी घरी गेल्यावर खोडणारे.

डावा वाचला कसा, तर त्याचा खालचा भाग स्टुटगार्टजवळच्या आल्ब डोंगरात दगडात अडकून वाकला होता (भाग ३), तो मी तेलाच्या कार्यक्रमानंतर नवा बसवला. म्हणून एकच काठी लंगडी आणि एकच गुडघा दुखरा, आणि आम्ही सगळे, मी, फिजिओ, नवरा, तुम्ही, त्या गुडघ्यात दोष शोधत बसलो. फिजिओची चूक नाही हां, कमरेचे स्नायू खरंच कमजोर होते आणि बेर्तोनेच्या चढणीवर फरक दिसला. पण त्या बिचाऱ्याने मला एकदाही काठ्यांसकट चालताना पाहिलं नव्हतं.

काल रात्री उशीर झाला म्हणून साफसफाई आज शाँपेला. आजचा टप्पा सोपाच होता, गावागावांतून खाली आणि शेवटी रानातून चारशे मीटर वर, गाईडचाच पोल वापरला. आल्यावर स्वयंपाकघरातून भांड्यांचं लिक्विड नि गरम पाणी मागून घेतलं. एक्सपांडर सुटा करून टूथब्रशने घासला. नळीच्या आत हात जात नाही म्हणून लाकडी डावाच्या दांड्याला जुन्या टीशर्टच्या चिंध्या गुंडाळून फिरवल्या, पहिली चिंधी अशी काळीकुट्ट निघाली की काजळ पाडायला बसलेय असं वाटावं, तेल अधिक अॅल्युमिनियमची पूड अधिक वर्षभराची माती. पाचवी चिंधी जरा माणसात आली. स्वयंपाकीणबाईंनी डाव परत घ्यायला नकार दिला, त्याचे पैसे दिले, स्विस भावाने. आता रात्रभर पूर्ण वाळू द्यायचं, ओलसर राहिलं तरी सरकतो म्हणे.

ह्यापुढे घेईन ते बाहेरून क्लिप लावायचे, लिव्हरवालेच. ढिला पडला तर डोळ्याला दिसतो आणि स्क्रू आवळता येतो. ट्विस्टवाले हलके नि स्वस्त, पण आत काय चाललंय ते झाकलेलं, मला आता झाकलेलं काही नको. कार्बन पण नको, दगडात अडकला तर वाकत नाही, सरळ तुटतो. मूठ मात्र कॉर्कचीच.

उद्याचा माझा प्लॅन फनेत्र द'आर्पेट होता. २६६५, ह्या अर्ध्यातली सगळ्यात उंच खिंड, इकडून मोठमोठ्या धोंड्यांतून चढायचं आणि पलीकडे त्रियाँच्या हिमनदीच्या कडेने धाडधाड उतार. गुडघा निर्दोष सुटला म्हटल्यावर मी आज दिवसभर मनात तीच घोकत होते, आणि वरचा परिच्छेद लिहिता लिहिता गाईड येऊन सांगून गेली, दुपारनंतर गडगडाट आहे, ओल्या धोंड्यांवर आठ जणांना नेणार नाही, बोव्हीनच्या वाटेने जायचं. हट्ट करून बघितला. ती "नो" म्हणून गेली पण.

पाच मिनिटं रुसून बसले. मग सुचलं की बोव्हीनच बरं! तिकडून फोर्क्लाझच्या खिंडीपर्यंत पाचशेचा एकसारखा उतार आहे, मोजमापाला ह्याहून चांगली जागा कुठली. दोन्ही पोलवर १२५ ला नेलपॉलिशची रेघ मारते (लाल, डच काकांच्या बायकोकडून), आणि खाली गेल्यावर बघायचं. रेघ जागेवर राहिली तर शेवटचा दिवस पण आपला, ब्रेव्हाँ २५२५ ते लेझूश, दीड हजार मीटरचा ड्रॉप, ज्याच्या भीतीने मी आतापर्यंत फ्लेजेरहून केबल कारने उतरायचं गुपचूप ठरवून ठेवलं होतं. हे नवऱ्याला पण सांगितलं नव्हतं.

आणि अजून एक किडा वळवळतोय. गेल्या वर्षीचे ते चार दिवस, बोनोम, शापियू, सेन्य, सगळे लंगड्या पोलवर झालेत. ते धरायचे का? मला वाटतं सप्टेंबरात परत करावेत. सुट्टी शिल्लक नाही, बघू.

ता.क. त्रियाँहून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पाऊस आम्ही पोचल्यावर सुरू झाला, गाईड माझ्याकडे बघून नुसती हसली. गुडघा गप्प. उजवा पोल १२५ चा १२५, नेलपॉलिशला चरा नाही, मी त्याचा मुका घ्यायचा बाकी होते. मग सहज म्हणून डावा बघितला. १२३. खालचा भाग नवा आहे हो, पण तो जिच्यात बसतो ती मधली नळी जुनीच आहे, तेलातली. नवा डाव शोधायला खाली जातेय.